दगडातला मोबाईल कोणी ओळखतच नाही (आणि मिक्सरच्या वायरचा प्रश्न)

टाकीवाला, जुने नाशिक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या घरात दगडाचं काम. आजोबा जाती, पाटे-वरवंटे करायचे. वडिलांनी देवळांच्या पायऱ्या, नंदी, तुळशीवृंदावनं केली. मीही तेच करतो, पोट त्यावरच आहे. पण गेली दोनेक वर्षं ऑर्डरचं काम आवरलं की संध्याकाळी एक वेगळंच खूळ घेऊन बसतो. घरातली रोजची यंत्रं काळ्या दगडात घडवायची. हुबेहूब आणि त्याच मापाची.

सुरुवात मोबाईलपासून केली. म्हटलं यात काय आहे, चार कडा आणि दोन सपाट बाजू. कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी टाकून दिलेला पाटा होता, त्यातून सव्वासहा इंच बाय तीन इंचाचा तुकडा काढला. आपला दगड टाकीनं, म्हणजे टोकदार छिन्नीनं, ठोकला की राखाडी दिसतो आणि घासत गेलं की काळाभोर होतो, हे तुम्हाला माहीत असेल. म्हणून कडा टाकीच्याच ठेवल्या, आणि समोरची बाजू पाण्याच्या पॉलिश पेपरनं २२०, ४००, ८०० नंबर असं करत आरशासारखी केली. बंद मोबाईलमध्ये आपलं तोंड दिसतं तसंच त्यात दिसायला लागलं. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचे तीन गोल केले, तर त्यांच्या शेजारी दगडातला एक पांढरा ठिपका आपणहून वर आला. अगदी फ्लॅशच्या जागी! मी दोन दिवस हवेत.

आणि ओळखला कोणी? कोणीच नाही. शेजारचे काका म्हणाले, फरशीचं सँपल का? एका पोरानं पेपरवेट म्हणून मागितला. आईनं तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नेला, आणि आता ती त्यानं लसूण ठेचते. हाताला बरोबर बसतो म्हणते. तक्रार नाही, पण मी मोबाईल केला होता.

मग रिमोट केला. एका जुन्या वरवंट्यातून. बटणं काढता काढता डोळे गेले, ४४ बटणं आहेत. मेव्हण्यानं हातात घेतला आणि विचारलं, "कणीस का?"

इथे मी जवळजवळ सोडलंच होतं. पण आमचा खरा रिमोट समोर पडला होता. त्याचं सेलचं झाकण कधीच हरवलंय, सेल पडू नयेत म्हणून आईनं रबरबँड लावलाय, दोन वेढ्यांचा. दगडाच्या रिमोटचं मागचं टोक मी अजून पूर्ण उतरवलं नव्हतं, थोडा दगड शिल्लक होता. त्यात तो रबरबँड काढला. दोन सूत जाडीचा, एका जागी एक वेढा दुसऱ्यावर चढलेला. नुसत्या त्या चढलेल्या जागेला तीन संध्याकाळी गेल्या.

आता दारातून आत येणारा माणूस लांबूनच म्हणतो, अरे, रिमोट!

तर प्रश्न असा. आता मिक्सर घेतलाय. पडलेल्या एका वाड्याच्या जोत्याचा चिरा मिळालाय, फूटभर लांब, नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच. खणखणीत वाजतो. पण मिक्सरला वायर असते. वायर काढायला गेलो तर मोडणार, दोनदा लहान तुकड्यावर करून बघितली, दोनदा मोडली. नाही काढली तर परत "हे काय आहे" सुरू. जाणकारांनी सुचवावं.

फोटो टाकलेत.


गोदाकाठ

भारी! लसूण ठेचणारा मोबाईल वाचून ऑफिसात फुटलो. फोटो दिसत नाहीयेत पण.


शंकासुर

प्रांजळ मत देतो, हलकं घ्या.

कारागिरी उत्तम असणार यात शंका नाही, पण यात नवीन काय? आय वेवेई या चिनी कलाकारानं २०१० साली संगमरवरात पाळत ठेवणारा कॅमेरा केला. तो नुसता हुबेहूब नव्हता. त्याच्या स्टुडिओवर पोलिसांनी खरेच कॅमेरे लावले होते, तेच त्यानं दगडात काढले. त्याला काही म्हणायचं होतं. तुमच्या रिमोटला काय म्हणायचंय? शिवाय आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर फाईल टाकली की सकाळपर्यंत मिक्सर तयार, वायरीसकट. मग टाकी कशाला?


सातपूरची सून

टाकीवाले भाऊ, आधी भांडण. वरवंट्यातून रिमोट?? माझ्या सासूबाईंचा वरवंटा अजून मी जपून ठेवलाय, आणि तुम्ही त्याचा रिमोट केलात!

बाकी लेखानं कुठल्या कुठे नेलं. लहानपणी आमच्या गल्लीत बाई यायची, खांद्याला झोळी, "टाकीऽऽय, पाट्याला जात्याला टाकीऽऽय" ओरडत. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नुसतं सरकतं, म्हणून तिच्याकडून टाकवून घ्यायचा. ओट्याखाली बसून टक टक टक, तासाभरात सगळा पाटा ठिपक्यांनी भरून जायचा. मग पहिल्यांदा भिजवलेले तांदूळ नाहीतर मीठ वाटून ते फेकायचं, खर येऊ नये म्हणून. तरी दोन दिवस चटणी दाताखाली करकरायचीच. आज मिक्सरचं पातं बोथट झालं की आपण ज्या दुकानात जातो, तेच हे, फक्त ती दारात यायची.

वायरीचं विचार करून सांगते.


टाकीवाला

@सातपूरची सून ताई, वरवंटा फुटका होता, देवाशपथ. आणि ती टक टक आमच्याच घरातली. आजी जायची टाकी लावायला, पंचवटीपासून पार देवळाली कॅम्पापर्यंत पायी.

@शंकासुर, सीएनसीचं खरं आहे. मकराण्याच्या संगमरवरावर तर सर्रास चालतं. पण आपल्या दगडाला मशिनची टुलं भराभर जातात, परवडत नाही. आणि मशिन रबरबँड काढेल, पण रबरबँड काढायचा हे त्याला कोण सांगणार? फाईलीत नवा रिमोट असतो.

म्हणायचं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहितो.


भटकी जमात

स्पेनमध्ये सालामांकाला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथलं नवं कॅथेड्रल, नवं म्हणजे १५१३ साली सुरू झालेलं. एका दारावरच्या वेलबुट्टीत चक्क अंतराळवीर आहे, हेल्मेट, नळ्या, बुटांसकट. गाईडनं आधी सगळ्यांना शोधायला लावलं. १९९२ साली दुरुस्ती झाली तेव्हाच्या शिल्पकारानं तो घातला. आपल्या काळाची एक खूण ठेवून जायची तिथली पद्धत आहे म्हणे. त्याच दारावर आईस्क्रीमचा कोन धरलेला एक राक्षसही आहे.

आणि नेदरलँड्समध्ये डेन बॉशच्या सेंट जॉन कॅथेड्रलवर २०११ साली नवे देवदूत बसवले, त्यातला एक जीन्स घालून मोबाईलवर बोलतोय. शिल्पकाराचं म्हणणं, त्या मोबाईलला एकच बटण आहे, फोन थेट वरच लागतो. तेव्हा टाकीवाले, तुमचा मोबाईल कोणी ओळखत नसेल तर तो कोणाच्या तरी कानाला लावा. तिथे कानाला आहे म्हणून तर कळतो!


अस्सल देशी

परदेशाचं कौतुक पुरे. तामिळनाडूत २००० वर्षांपूर्वीच्या मंदिरात सायकलवर बसलेला माणूस कोरलेला आहे. सायकलचा शोध आपणच लावला होता, गोऱ्यांनी नंतर नेला. फॉरवर्ड आलाय, पाहिजे असल्यास टाकतो.


नुसताच वाचक

@अस्सल देशी, नका टाकू, सगळ्यांकडे आलाय. ते तिरुचिरापल्लीतल्या उरैयूरचं पंचवर्णस्वामी मंदिर. मंदिर प्राचीन आहे, पण १९२० च्या दशकात त्याची दुरुस्ती झाली, तेव्हाच्या पाथरवटानं तो सायकलवाला कोरला. तेव्हा सायकल म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवलाची गोष्ट. दिसली आणि काढली. भटकी जमात ताईंचा अंतराळवीर आणि हा सायकलवाला सख्खे भाऊ आहेत. खरी गोष्ट जास्त मजेशीर असताना खोटी कशाला पाठवतात देव जाणे.

आणि तसं म्हटलं तर बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, बघा. त्यावर जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. त्या काळचं लष्करी तंत्रज्ञानच की ते.


अस्सल देशी

ठीक आहे. पण वल्ही आपलीच होती ना.


खडकवेडा

भूगोल शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

टाकीवाले, तुमच्या मोबाईलवरचा पांढरा ठिपका म्हणजे झिओलाईट असणार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली. आपल्या जिल्ह्यातली ही गारगोटी जगभरातल्या संग्रहालयांत आहे, सिन्नरला तर तिचंच स्वतंत्र संग्रहालय आहे. म्हणजे तुमच्या मोबाईलचा फ्लॅश मोबाईलपेक्षा थोडा तरुण आहे.

वायरीचं: बेसाल्ट दाबाला जबर, ताणाला कच्चा. त्यावर देऊळ उभं राहील, पण त्याची काडी वाकवायला गेलात तर कट्‌ करून जाईल. त्यातून सुरुंगानं काढलेला खाणीचा दगड असेल तर आत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. जोत्याचा चिरा घेतलात हे उत्तम, तो सुरुंगाआधीच्या काळातला, पहार आणि पाचरींनी काढलेला असणार. तरी मोकळी वायर विसरा. कुठे ना कुठे ती मूळ दगडाला चिकटलेलीच राहिली पाहिजे.

वजनही करून बघितलं. बेसाल्ट साधारण २.९ ग्रॅम दर घन सेंटीमीटर धरला तर तुमचा चिरा ४६ किलोच्या आसपास. अर्धा उडाला तरी २३ किलोचा मिक्सर. आईंना सांगा, ओट्यावर ठेवू नका.


डॉ. खोकला

मी वेगळंच विचारतो. ग्राइंडर चालवता तेव्हा तोंडाला काय बांधता? रुमाल असेल तर तो नसल्यातच जमा. ग्रॅनाईट किंवा वाळूच्या दगडाच्या मानानं बेसाल्टमध्ये मोकळा सिलिका फार कमी असतो हे खरं, पण बारीक धूळ ती धूळच. शिवाय तुमच्याकडे येणारे सगळे दगड काळेच असतात असंही नाही. ब्लेडवर पाण्याची धार ठेवा आणि नीट बसणारा मास्क घ्या. माझ्याकडे ज्या वयाचे पाथरवट धाप लागली म्हणून येतात, ते वय सांगितलं तर या धाग्यावर कोणी हसणार नाही.


टाकीवाला

@डॉ. खोकला, रुमालच होता. वडिलांचाही. उद्या मास्क आणतो.

@शंकासुर, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून रविवारी पांडवलेणी चढलो. शाळेतून तीनदा नेलं होतं, पण तेव्हा लक्ष माकडांकडे. यावेळी १८ नंबरच्या चैत्यासमोर तासभर बसलो. ती दर्शनी बाजू बघा म्हणजे कळेल. कमान आहे, कमानीत वासे आहेत, तुळयांची टोकं बाहेर आली आहेत, कठड्याच्या आडव्या पट्ट्या उभ्या खांबांतून ओवल्यासारख्या आहेत. हे सगळं सुताराचं काम आहे! डोंगर पोखरून केलेल्या खोलीला वासा लागत नाही. तुळईचं टोक बाहेर यायला आत तुळईच नाही. तरी त्या पाथरवटानं गावात जे घर रोज बघितलं, त्याचा सांधा न सांधा दगडात उतरवला. दारावरच्या लेखात दान कोणाचं तर नाशिकच्या धंभिक गावच्या लोकांचं. राजाबिजा नाही, गाव.

३ नंबरच्या लेण्यात तर ओसरीच्या खाली मोठमोठे गण आहेत, खांद्यावर तुळया घेतलेले. डोळे बाहेर आलेत बिचाऱ्यांचे. वजन दगडाचं नव्हे, लाकडाचं दाखवलंय.

तेव्हा माझ्या रिमोटला काही म्हणायचं असेल तर ते तिथे आधीच म्हणून झालंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.


शंकासुर

हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. तरीही तिथे अख्खं गाव मागे होतं, इथे तुम्ही एकटे संध्याकाळी बसता. एवढा फरक राहतोच.


गोदाकाठ

मी तर उलटं म्हणतो. आपल्याकडे दगडात यंत्र काढत नाहीत, दगडाचंच यंत्र करतात. दुतोंड्या मारुती घ्या. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात उभा आहे, दोन्हीकडे तोंड. धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगू देत, आमची आजी एकच विचारायची, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघे म्हणजे चहा प्या. कंबर म्हणजे भांडीबाजारातल्यांनी माल वर चढवायचा. छाती म्हणजे सराफांनी. गळ्याला लागलं की बघायला जाणारे पण मागे फिरतात. असं मीटर कुठल्या कंपनीनं केलंय? सेल नाही, वायर नाही.

आणि पाणी नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं की मग विचारायलाच नको.

(अवांतर: फोटो अजून दिसत नाहीयेत.)


सातपूरची सून

भाऊ, वायरीचं सुचलं! काल रात्री चटणी वाटून मिक्सर जागेवर ठेवताना हात मध्येच थांबला.

मिक्सरची वायर मोकळी कुठे असते? वाटून झालं की आपण ती त्यालाच गुंडाळतो. पोटावरून तीन-चार वेढे आणि पिन त्यातच खोचायची. खडकवेडा सर म्हणतात ना, वायर मूळ दगडाला चिकटलेली पाहिजे. ती आहेच की चिकटलेली, घरोघरी. चालू मिक्सर काढूच नका, ठेवलेला मिक्सर काढा.


खडकवेडा

ताई, दंडवत. मी दोन दिवस आधाराचे पूल वगैरे रेखाटत बसलो होतो.


भटकी जमात

+१००. वेढ्यांवर इन्सुलेशन टेपची पट्टी विसरू नका. आमच्या वायरीला पिनेजवळ लाल टेप आहे, कधी लावली कोणालाच आठवत नाही.


टाकीवाला

ताई, काय बोलू. हे वाचल्या वाचल्या आईला म्हटलं मिक्सर गुंडाळून ठेव, तर म्हणाली ठेवलेलाच आहे. दोन वर्षं रोज समोर होता.

उद्यापासून लागतो. पावसाळ्यात शेडमध्ये ओल असते, वेळ लागेल.


शंकासुर

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. मिक्सरचं काय?


टाकीवाला

झाला. जवळजवळ.

वेढे चार. पहिले तीन सरळ, चौथा थोडा सैल आणि खाली घसरलेला, आमच्याकडे असतो तसा. वेढ्यांच्या मधल्या फटीत छिन्नी जाईना, म्हणून जुन्या छत्रीच्या काड्या घासून त्यांच्या टाक्या केल्या, लोहारानं पाणी पाजून दिलं तरी दिवसाला दोन-दोन मोडायच्या. टेपची पट्टी काढली, तिचं एक टोक सुटलेलं. बटणावरचे १, २, ३ हे आकडे आमच्या मिक्सरवर पुसून गेलेत, फक्त ३ चा वरचा अर्धा उरलाय. तेवढाच काढला. ग्राइंडरला पाण्याची धार आणि तोंडाला मास्क, डॉक्टर.

मधे एक घोळ झाला. सैल वेढ्याच्या खाली एक बारीक रेघ दिसली. भेग आहे असं वाटून पोटात गोळा आला. वडील असते तर तिथेच दगड बाजूला सारला असता, भेग असलेल्याची मूर्ती होत नाही, खंडित पुजत नाहीत. मूर्तीचा दगड ते आधी सगळीकडून वाजवून बघायचे, घंटेसारखा वाजला तरच हात लावायचे. मीही हातोडीनं हळू वाजवलं. स्वच्छ वाजला. रेघ वरवरची होती, टाकीचीच. पण ती मी तशीच ठेवली आहे. आमच्या मिक्सरलाही तिथे पडल्याची चीर आहे.

काल चौघांनी मिळून शेडच्या दारात आणून ठेवला. दूध घालणारा सायकलवरूनच म्हणाला, "मिक्सर बिघडला का हो?" मी आत जाऊन पेढा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याला काही कळलं नाही.

मग आईला दाखवला. तिनं चष्मा लावला, सगळ्या बाजूंनी फिरली, वेढ्यांवरून हात फिरवला, मग म्हणाली, "पिन खाली कुठे खोचलीस? पिन वरून खोचतात. खालून खोचली तर उचलताना सुटते."

बरोबर आहे तिचं. मी वायर समोर ठेवून केली, पण गुंडाळली होती मी स्वतः. आता पिन खालून काढून टाकता येईल, पण वर घ्यायला तिथे दगडच उरलेला नाही.


गोदाकाठ

पिन काढूनच टाका. आमच्या मिक्सरला गेली तीन वर्षं पिन नाही. दोन तारा सोलून सॉकेटात खुपसतो आणि काडेपेटीची काडी अडकवतो.


डॉ. खोकला

@गोदाकाठ, तुमचा पत्ता खाजगी निरोपात पाठवा.


टाकीवाला

दोन तारांपुरता दगड आहे. काडीपुरताही निघेल.